खबर द्यायची आहे, पण नाव बाहेर यायला नको

छाप्याच्या गुन्ह्याची कुठलीही फिर्याद वाचा. पहिल्या पाच ओळींत ते ठरलेलं वाक्य सापडतंच: "हद्दीत पेट्रोलिंग करीत असताना गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाली की..." पुढे हातभट्टी, मटका, गांजा, वाळूचे डंपर, जे असेल ते. बातमीदार कोण, हे त्या कागदावर कुठेच नसतं. फिर्यादी म्हणून एखाद्या हवालदाराचं नाव असतं, तेही 'सरकारतर्फे'. खटला उभा राहतो, हवालदार साक्षीला येतो आणि आरोपीचे वकील विचारतात, "बातमी कोणी दिली?" सरकारी वकील हरकत घेतात आणि तो प्रश्न तिथेच थांबतो.

तो थांबतो भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३१ मुळे. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२५ म्हणून होती. गुन्हा घडल्याची माहिती कुठून मिळाली, हे सांगायला कोणत्याही दंडाधिकाऱ्याला किंवा पोलीस अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही. सरकारी महसुलाविरुद्धचा गुन्हा असेल तर हेच संरक्षण महसूल अधिकाऱ्यालाही आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात, म्हणजे एनडीपीएसमध्ये, कलम ६८ त्याच अर्थाचं आहे.

आता हे कलम नीट वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. ढाल अधिकाऱ्याच्या हातात दिलेली आहे, तुमच्या नाही. त्याला कोणी बोलायला लावू शकत नाही, एवढंच त्यात म्हटलं आहे. तो स्वतःहून चहाच्या टपरीवर बोलला तर हे कलम त्याला अडवत नाही. शिवाय यात नगरपालिकेचा अभियंता, ग्रामसेवक, शाळेचे मुख्याध्यापक किंवा कंपनीचा मॅनेजर बसत नाही. त्यामुळे कोर्टात नाव फुटण्याची भीती लोक समजतात त्यापेक्षा बरीच कमी असते. नावं फुटतात ती अर्जाच्या प्रवासात, फोनच्या नोंदीत आणि खबर देणाऱ्याच्या स्वतःच्या तोंडून.

आधी ठरवा: खबर की फिर्याद?

ही निवड पहिल्याच दिवशी करावी लागते, कारण नंतर मागे फिरता येत नाही. तुम्ही पोलिसांना नुसती दिशा दाखवत असाल तर तुम्ही बातमीदार. तुमच्या सांगण्यावरून ते जातात, स्वतः पाहतात, पंचनामा करतात, आणि पुरावा त्यांचा होतो. तुमचीच फसवणूक झाली असेल, तुम्हालाच मारहाण झाली असेल किंवा प्रत्यक्ष पाहणारे तुम्ही एकटेच असाल, तर निनावी चिठ्ठीवर खटला उभा राहत नाही. तिथे फिर्यादी किंवा साक्षीदार व्हावंच लागतं.

फिर्यादीचं नाव झाकून राहत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली एफआयआरवर तुमची सही लागते. ऑनलाइन दिली तरी तीन दिवसांत सही करावीच लागते. यूथ बार असोसिएशन खटल्यातल्या २०१६ च्या निकालाप्रमाणे संवेदनशील गुन्हे वगळता एफआयआर साधारण २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवावी लागते, म्हणजे तुमचं नाव-पत्ता कोणीही मोबाइलवर वाचू शकतो. आरोपीला तर कलम २३० प्रमाणे जबाबांसह सगळ्या कागदांच्या प्रती मिळतात. एखाद्या जबाबाचा भाग आरोपीला देऊ नये, अशी विनंती तपास अधिकारी कलम १९३(७) खाली न्यायालयाला करू शकतो. निर्णय न्यायालयाचा असतो, आणि मुख्य साक्षीदाराच्या बाबतीत यावर फार विसंबू नये.

लाचेच्या प्रकरणात हा गोंधळ नेहमी होतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर निनावी माहिती देता येते, पण सापळा लावायचा तर नोटा घेऊन जाणारा तक्रारदार लागतो आणि तो खटल्यातला पहिला साक्षीदार असतो. "सापळा लावा, पण माझं नाव नको" हे जमत नाही. जबरदस्तीने लाच द्यावी लागली असेल तर २०१८ च्या दुरुस्तीनुसार सात दिवसांत ती कळवणाऱ्यालाच शिक्षेतून सूट आहे. तिथे गुप्ततेपेक्षा तारखेची काळजी जास्त करा.

आणखी एक गोष्ट, जी प्रेमाने गळ्यात मारली जाते. "तुम्हाला जागा माहीतच आहे, तर बनावट गिऱ्हाईक म्हणून तुम्हीच आत जा", किंवा "पंच मिळत नाहीये, फक्त एक सही करा." दोन्हींना नम्रपणे नाही म्हणा. बनावट गिऱ्हाईक आणि पंच हे दोघेही साक्षीदार असतात. पंचनाम्यावर नाव आलं की कलम १३१ तुमच्या उपयोगाचं राहत नाही.

गप्प बसणंही कधी कधी गुन्हा असतो

खून, दरोडा, खंडणीसाठी अपहरण अशा ठरावीक गुन्ह्यांची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती कळवावी, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३ सांगतं. बाल लैंगिक अत्याचाराबाबत पोक्सो कायद्याचं कलम १९ याहून कडक आहे: माहिती असूनही न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कलम १९(७) मुळे कुठलीही जबाबदारी येत नाही. मुलाचा प्रश्न असेल तर १०९८ लावा. पुढची सगळी खबरदारी नंतर.

कोणत्या दारातून जायचं

तोंडी कळवायचं ठरलं की बहुतेक जण ११२ लावतात. जीव वाचवायचा असेल तर तेच योग्य. पण ११२ निनावी नाही. तुमचा नंबर आणि ठिकाण समोर दिसतं, बोलणं रेकॉर्ड होतं आणि गाडीवरचे कर्मचारी बरेचदा फोन करणाऱ्यालाच उलट फोन करून "कुठे यायचं?" विचारतात. त्यामुळे सुरुवातीलाच सांगा: "नाव द्यायचं नाही, मला भेटायला येऊ नका, थेट ठिकाणावर जा." नाहीतर निळा दिवा लावलेली गाडी तुमच्याच दारात उभी राहायची.

घाई नसेल तर वरच्या पातळीवर जा. गावात पोलीस पाटलाला सांगणं कायद्याला धरून असलं तरी तो गावातलाच असतो, आणि ज्याच्याविरुद्ध खबर आहे तो त्याचा भावकीतला निघण्याची शक्यता असते. स्थानिक ठाण्यावर विश्वास नसेल तर ग्रामीण भागात पोलीस अधीक्षक, शहरात उपायुक्त. विषयाप्रमाणे स्वतंत्र दारंही आहेत. अमली पदार्थांसाठी नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरोची (एनसीबी) २०२४ पासूनची 'मानस' हेल्पलाइन १९३३. अवैध दारूसाठी राज्य उत्पादन शुल्क विभाग. गर्भलिंग निदानासाठी आरोग्य विभागाचं 'आमची मुलगी' संकेतस्थळ आणि खबऱ्यांसाठीची बक्षीस योजना.

बेनामी मालमत्ता आणि करचोरीसाठी आयकर विभागाच्या २०१८ च्या बक्षीस योजना आहेत. त्यांत विभागाला नाव द्यावं लागतं, बदल्यात सांकेतिक क्रमांक मिळतो आणि पुढचा व्यवहार त्या क्रमांकावर चालतो. परदेशी नागरिकही माहिती देऊ शकतात, त्यामुळे तिकडचं नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसालाही हे दार उघडं आहे. शेअर बाजारातल्या इनसायडर ट्रेडिंगबद्दल सेबीकडे स्वतःच्या वकिलामार्फत माहिती देता येते. मला ही पद्धत सगळ्यांत शहाणपणाची वाटते, कारण ओळख पटवून ठेवायची जबाबदारी वकिलाची असते.

केंद्र सरकारच्या किंवा सार्वजनिक उपक्रमांच्या अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार असेल, तर 'पीआयडीपीआय' (पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर अँड प्रोटेक्शन ऑफ इन्फॉर्मर्स, म्हणजे जनहितार्थ माहिती आणि ती देणाऱ्याचं संरक्षण) ही व्यवस्था. तिच्यामागची गोष्ट माहीत असावी. सत्येंद्र दुबे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे तरुण अभियंते. सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या गैरव्यवहाराबद्दल त्यांनी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र मात्र नावासकट एका कार्यालयातून दुसऱ्यात फिरत राहिलं. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गयेत त्यांची हत्या झाली. त्यानंतर, २००४ मध्ये, केंद्राने ठराव केला आणि केंद्रीय दक्षता आयोगाला गुप्त तक्रारी घेण्याचे अधिकार दिले.

त्या ठरावाची रीत साधी आहे. तक्रार बंद पाकिटात, आयोगाच्या सचिवांच्या नावे. पाकिटावर ठळक अक्षरात 'पीआयडीपीआय'. पाठवणाऱ्याचं नाव पाकिटावर नाही. आत नाव-पत्ता तक्रारीच्या सुरुवातीला, शेवटी किंवा वेगळ्या चिठ्ठीवर, म्हणजे तेवढा भाग झाकून मजकूर पुढे पाठवता येतो. निनावी तक्रार मात्र इथे चालत नाही. नाव आयोगाला कळवायचं, बाकी कोणालाही नाही. राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना हा ठराव लागू नाही. आणि कोणी तुम्हाला २०१४ च्या जागल्या (व्हिसलब्लोअर) संरक्षण कायद्याचा भरवसा देत असेल तर त्यावर विसंबू नका: संसदेने तो मंजूर केला, राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो आजवर अंमलात आणलेला नाही.

अर्ज खाली कसा उतरतो

ज्यांनी सरकारी कार्यालयात टेबलापलीकडे काम केलं आहे त्यांना हे पाठ असतं. तुम्ही जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज देता. तिथून तो प्रांतांकडे, प्रांतांकडून तहसीलदारांकडे, तहसीलदारांकडून तलाठ्याकडे जातो. प्रत्येक पायरीवर शेरा तोच: "नियमानुसार चौकशी करून अहवाल सादर करावा, सोबत मूळ अर्ज." म्हणजे ज्या तलाठ्याच्या डोळ्यादेखत वाळू जाते त्याच्याच हातात तुमचं सहीचं पत्र पडतं. ऑनलाइन तक्रारींचंही तेच: नाव आणि मोबाइल क्रमांक तक्रारीला चिकटूनच खाली येतात.

यावर उपाय एकच. नाव द्यायचं असेल तर ते मजकुराच्या पानावर देऊ नका. पहिलं पान फक्त माहितीचं, सहीशिवाय. दुसऱ्या पानावर नाव, पत्ता आणि ही ओळ: "ही माहिती कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासपूर्वक देत आहे. माझी ओळख उघड झाल्यास जिवाला धोका आहे. हे पान मूळ अर्जापासून वेगळं ठेवावं आणि चौकशीसाठी पाठवू नये." दोन्ही पानं बंद पाकिटात, पाकिटावर 'गोपनीय, स्वतः उघडावे', आणि शक्य असेल तर अधिकाऱ्याच्या हातात. आवक विभागात शिक्का मारून पोच मागितलीत तर आवक नोंदवहीत नाव लागलंच म्हणून समजा.

मजकुरात स्वतःला लपवणं

समजा नदीतून रात्री वाळू उपसली जाते आहे. एकाने असं लिहिलं: "आमच्या बांधावरून रोज रात्री डंपर जातात, उसाचं नुकसान होतं. मागच्या ग्रामसभेतही मी हा विषय काढला होता. सरपंचांचा पुतण्या यात आहे." सही नाही, तरी चौथीतलं पोरगं नाव सांगेल. शिवाय पोलिसांच्या कामाचं यात काहीच नाही.

दुसऱ्याने असं लिहिलं: "पुलाच्या खालच्या अंगाला, स्मशानभूमीकडून नदीत उतरणाऱ्या रस्त्याने, मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री साडेअकरा ते तीन. एक जेसीबी, दोन डंपर. एका डंपरला मागची नंबरप्लेट नाही, दुसऱ्याच्या प्लेटवर शेण फासलेलं असतं. पुलावर एक जण मोटारसायकल घेऊन उभा असतो आणि गाडी दिसली की फोन करतो, त्यामुळे पुलाकडून येऊ नये. साठा विटभट्टीच्या मागे, निळ्या ताडपत्रीखाली." यात लिहिणारा कोण ते कळत नाही, आणि छापा मात्र यशस्वी होतो. कारण चिठ्ठीत 'मी' नाही, नुकसान नाही, राग नाही. जे दहा-वीस जणांना दिसू शकतं तेवढंच आहे. फक्त तुम्हालाच माहीत असलेली गोष्ट लिहिलीत की सही केल्यासारखंच. ती फारच महत्त्वाची असेल तर आणखी कोणाला ठाऊक असण्याची शक्यता आहे याचा विचार करा, आणि कोणालाच नसेल तर वकिलामार्फत जा.

इथे कायदाही तुमच्या बाजूचा आहे. वाळू गौण खनिज असल्याने विषय जमीन महसूल संहितेत येतो आणि महसूल अधिकाऱ्यालाही कलम १३१ ची ढाल मिळते. चोरीचा गुन्हा म्हणून पोलिसांनाही कळवता येतं. दोन्हीकडे पाठवायचं तर मजकूर शब्दशः सारखा नको.

फोटो पाठवायचा मोह आवरा, किंवा आधी तपासा. मोबाइलच्या फोटोत ठिकाण आणि वेळ दडलेली असते. ती काढून टाकली तरी कोन राहतो: नदीचा तो तुकडा त्या उंचीवरून फक्त एकाच गच्चीवरून दिसतो, हे गावाला कळतं. व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर तुमचा नंबर गेलाच. या देशात सिमकार्ड ओळखपत्राशिवाय मिळत नाही, त्यामुळे 'दुसऱ्या सिमवरून' ही कल्पना सोडून द्या. दुसऱ्याच्या नावाचं सिम वापरलंत तर तो आणखी एक गुन्हा. साधं टपाल अजूनही चांगलं आहे. स्पीड पोस्टला पाठवणाऱ्याचं नाव लागतं, साध्याला नाही. गावच्या टपाल पेटीऐवजी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी टाका, कारण पाकिटावर शिक्का तिथला उमटतो. हस्ताक्षर टाळा, आणि छापायला ओळखीच्या सायबर कॅफेत जाऊ नका.

खोटी खबर देणाऱ्याला मात्र कुठलंच कलम वाचवत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि मुद्दाम खोटा आरोप केला तर कलम २४८ त्याहून जड. ऐकीव असेल तर "असं ऐकलं आहे" असंच लिहा. खात्री नसलेलं नाव घेण्यापेक्षा जागा आणि वेळ द्या. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेला आरोप अब्रुनुकसानीच्या कलम ३५६ च्या आठव्या अपवादात बसतो. तोच मजकूर गावाच्या ग्रुपवर टाकलात तर त्या अपवादाचा आधार उरत नाही.

छाप्याच्या दिवशी आणि नंतर

घटनास्थळी जाऊ नका. आता झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे करावंच लागतं, आणि गर्दीतले चेहरे त्यात येतात. पण अचानक परगावीही जाऊ नका, गावाची नजर तिथेही असते. अधिकाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोन करून "काय झालं?" विचारू नका. बायकोला, मित्राला, बक्षिसाच्या कौतुकात मेव्हण्याला सांगू नका. माझ्या पाहण्यात नावं फुटली आहेत ती बहुतेक अशीच.

पत्रकाराला सांगितलं असेल तर त्याचं संरक्षण किती हेही जाणून घ्या. १९७८ च्या प्रेस कौन्सिल कायद्याचं कलम १५(२) पत्रकाराला स्रोत उघड करायला लावता येणार नाही असं म्हणतं, पण ते प्रेस कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. न्यायालयात तशी सरसकट सूट नाही.

नाव फुटलंच तर

धमकी आली की तोंडी सांगत बसू नका. तारीख, वेळ, नंबर, नेमके शब्द लिहून पोलीस अधीक्षकांना लेखी द्या. आता निनावी राहण्यात अर्थ नाही, उलट तुमचं नाव नोंदीत असणं हेच संरक्षण. धमकीसाठी न्याय संहितेचं कलम ३५१, खोटी साक्ष देण्यासाठी धमकावलं तर कलम २३२.

मग साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली अर्ज करा. महेंद्र चावला खटल्यात ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि संसद किंवा राज्याचा कायदा येईपर्यंत तिलाच कायद्याचं बळ दिलं. या योजनेत साक्षीदाराची व्याख्या रुंद आहे: गुन्ह्याची माहिती किंवा कागद जवळ असलेली कोणतीही व्यक्ती. म्हणजे जबाब न दिलेला बातमीदारही त्यात बसू शकतो. गुन्हा मात्र गंभीर हवा, ढोबळमानाने सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा, किंवा महिलांच्या विनयभंगासारख्या नमूद केलेल्या कलमांतला.

अर्ज जिल्ह्याच्या सक्षम प्राधिकरणाकडे जातो. अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश, सदस्य जिल्ह्याचे पोलीस प्रमुख, सदस्य सचिव सरकारी अभियोग विभागाचे प्रमुख. उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून धोक्याचा अहवाल पाच कामकाजी दिवसांत मागवला जातो. सुनावणी बंद दाराआड होते. घराभोवती गस्त, सीसीटीव्ही, फोन नंबर बदलून देणं, सोबत पोलीस, अगदी टोकाच्या प्रसंगी नवी ओळखही देता येते. तातडी असेल तर अहवाल येण्यापूर्वीच अंतरिम संरक्षण मागा, आणि अर्जात कुटुंबीयांची नावं घालायला विसरू नका. संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं असतं, म्हणून संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज. संघटित गुन्हेगारीचा खटला असेल तर मोक्काच्या कलम १९ खाली विशेष न्यायालय साक्षीदाराचं नाव-पत्ता गुप्त ठेवण्याचे आदेश देऊ शकतं.

पोलिसानेच नाव फोडल्याचा पुरावा असेल तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, आणि जिवाचा प्रश्न असेल तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय.

शेवटी माहिती अधिकार. छाप्यानंतर महिना-दोन महिन्यांत समोरच्याचा अर्ज येतोच: "माझ्याविरुद्ध आलेल्या तक्रार अर्जाची प्रत मिळावी." माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ८(१)(जी), मराठी प्रतीत (छ), प्रमाणे ज्याने कोणाच्या जिवाला धोका होईल किंवा विश्वासपूर्वक माहिती देणारा ओळखला जाईल अशी माहिती नाकारता येते. कलम १० प्रमाणे नाव वगळून बाकीची प्रत देता येते, आणि इथे तुमचं ते वेगळं ठेवलेलं दुसरं पान कामाला येतं. गोपनीय म्हणून दिलेली माहिती देण्याचा अधिकाऱ्याचा विचार असेल तर त्याने कलम ११ प्रमाणे तुम्हाला पाच दिवसांत लेखी नोटीस द्यायची असते. ती नोटीस मिळाली की दहा दिवसांत उत्तर द्या, त्यात कलम ८(१)(जी) स्पष्ट लिहा, धमकीच्या तक्रारीची प्रत जोडा आणि पोच घ्या. हरकत फेटाळली गेली तर प्रत देण्यापूर्वी अपील करण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि ते अपील प्रलंबित असल्याचं त्याच कार्यालयात लगेच लेखी कळवा.